नवव्या प्रकरणातलं पाणी

४ फेब्रुवारी

विहिरीची कादंबरी वाचणाऱ्या बाईंना,
स. न. वि. वि.

वाचणाऱ्याचं नाव ऐकणाऱ्याला सांगायचं नाही आणि ऐकणाऱ्याचं वाचणाऱ्याला, असा आपल्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयाचा नियम आहे. मला तो मान्य आहे. म्हणून हे पत्र ग्रंथालयाच्याच पत्त्यावर पाठवते आहे, ते तुमच्यापर्यंत पोचवतील. मी जन्मापासून आंधळी आहे आणि टाइपरायटरवर लिहिते. तेव्हा अक्षर चांगलं दिसत असेल तर त्याचं श्रेय मला देऊ नका.

पत्राचं कारण तक्रार आहे. तुमच्याविरुद्ध नाही, लेखकाविरुद्ध.

नवव्या प्रकरणात त्या सासू-सुनेच्या विहिरीला पाणी लागतं. इतकी वर्षं नुसता दगड फोडल्यावर सून पहार टेकवते तिथली माती ओली लागते आणि सासू तो ओला हात स्वतःच्या गालाला लावते. अख्खं गाव काठावर उभं. तिथे मी कॅसेट थांबवली. पाणी मी रोज पिते, रोज हाताळते, पण पाणी ही काय चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं.

मग पुढे सुरू केलं, आणि प्रकरणाच्या अगदी शेवटी एक बाई लांबून किंचाळते: "पाणी गेलं! अगं बाई, पाणी गेलं!" संपली बाजू!

पुढची कॅसेट यायला महिना लागला. महिनाभर माझा जीव टांगणीला. कामावर लक्ष नाही, जेवणावर नाही. एवढं पाणी गेलं कुठे? आणि दहावं प्रकरण आलं तर त्यात गाव मजेत घागरी भरतंय! गेल्या पाण्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. लेखक विसरला काय? तुमची ओळख असेल तर त्याला विचारा. असा विश्वासघात माझा आजवर कुठल्याही पुस्तकाने केलेला नाही.

आपली,
ऐकणारी बाई


१५ फेब्रुवारी

ऐकणाऱ्या बाईंना,
नमस्कार.

लेखक निर्दोष आहे. ती किंचाळणारी बाई कादंबरीतली नाही, आमच्या वरच्या मजल्यावरची आहे.

आमच्या इमारतीत नळाचं पाणी कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसतो. वरच्या मावशींनी त्याची खबर देण्याचं व्रत घेतलंय. पाणी आलं की एक आरोळी आणि गेलं की दुसरी. त्या दिवशी मी प्रकरण संपवलं, 'बाजू संपली' हे नेहमीचं म्हणायचं विसरून बटण दाबायला हात नेला, तेवढ्यात मावशी ओरडल्या. टेपमध्ये शिरल्या असतील हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की आमचे हे विचारायला आले काय झालं. ह्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे सगळा प्रकार ओरडून सांगावा लागला, आणि तो वर मावशींनाही कळला. त्यांची छाती फुगली आहे. "म्हणजे मी पुस्तकात आहे?" म्हणाल्या.

मी बसस्थानकावर घोषणा करते. 'अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे' म्हणणारी बाई असते ना, तीच मी. सगळे मला भोंगा म्हणतात. दुपारी घरी आले की कपाटाशेजारच्या कोपऱ्यात दोन गोधड्या टांगते, आत खुर्ची घालते आणि वाचते. ग्रंथालय कॅसेट मिळाल्याची पोच पाठवतं, बाकी काही नाही. मला खरंच वाटायचं की मी गोधड्यांना वाचून दाखवते आहे.

आणि पलीकडे तुम्ही होतात. एका शब्दासाठी महिनाभर तळमळत होतात. बाई, हे कळल्यापासून त्या कोपऱ्यात शिरताना मी चप्पल बाहेर काढते.

आपली,
वाचणारी बाई (भोंगा)


९ मार्च

भोंगाताईंना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वहिनीने वाचून दाखवलं. मी भाऊ आणि वहिनीकडे राहते. शाईची पत्रं तीच वाचते, आणि मध्ये मध्ये आपलं मतही घालते. तुमच्या मावशींबद्दलचं तिचं मत तुम्हाला न कळवलेलं बरं.

आमच्या दवाखान्यात एक्स-रे काढतात ना, त्या फिल्म धुण्याच्या खोलीत मी काम करते. पूर्ण अंधार लागतो, जरा उजेड शिरला की फिल्म वाया. डोळस माणसं तिथे भिंतीवर आपटतात. मी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात फिल्म बुडवते, बाहेर काढते, वाळत घालते. माणसांच्या आतली हाडं माझ्या बोटांतून ओली होऊन बाहेर येतात आणि मला ती कधी दिसणार नाहीत. पण पाण्यात काहीतरी उमटतंय हे माहीत असतं. प्रत्येक वेळी अंगावर शहारा येतो, इतक्या वर्षांनीही.

इथे मला कानसेन म्हणतात. का, ते सांगते. तुमच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. उजवीकडे भिंतीवर घड्याळ आहे, ते मधूनच एक ठोका गिळतं. तुमचे 'हे' बाहेर येरझाऱ्या घालतात तेव्हा डाव्या पायाची चप्पल फरफटते. आणि काही दुःखाचं यायचं असलं की त्याच्या आधीच्या ओळीला तुम्ही आवंढा गिळता. त्यामुळे कोण मरणार हे मला नेहमी एक ओळ आधी कळतं. हे थांबवू नका. सावरायला वेळ मिळतो.

आपली,
कानसेन


२८ मार्च

प्रिय कानसेन,

खुर्चीचा पाय खरंच आखूड आहे. घड्याळ खरंच ठोका गिळतं, आणि ह्यांच्या डाव्या गुडघ्याला जुनं दुखणं आहे. पत्र हातात घेऊन मी घरभर फिरले आणि एकेक तपासलं. ज्या घरात मी लग्न होऊन आले, संसार केला, ते घर न पाहता, एवढ्या लांबून, तू ओळखतेस! मला भीती वाटली आणि मग फार बरं वाटलं. 'तू' म्हटलं, राग मानू नकोस. वयाने मी मोठी असणार.

मला वाचनाची खोड कशी लागली ते ऐक. आम्ही पाच भावंडं, मी थोरली. आईला अक्षर येत नव्हतं आणि गोष्टींचं तर वेड. मी दुसरीत गेले तशी तिने मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि म्हणाली, वाच. ती भाकऱ्या थापायची आणि मी वाचायची. मग धाकट्यांना वाचून दाखवलं, वडील आजारी पडले तेव्हा त्यांना, आता ह्यांना पेपर ओरडून वाचते. जन्मभर वाचत आले. गंमत म्हणजे मला कधी कुणी वाचून दाखवलेलं नाही. आपल्याला कुणी वाचून दाखवतंय आणि आपण गप्प बसून ऐकतोय, हे कसं लागत असेल? तू एकदा नीट सांग.

चौदावं प्रकरण पाठवलंय. त्यात एक आवंढा आहे, तयार राहा.

तुझी,
भोंगा


२० एप्रिल

ताई,

तू विचारलंस ते कसं लागतं. आधी खोलीत कुणी नसतं. मग एक आवाज येतो, आणि त्याच्या मागोमाग एक डोंगर येतो, दगड येतात, माणसं येतात, भांडायला लागतात. मी जागची हललेली नसते. ते सगळे माझ्याकडे चालत आलेले असतात. लहानपणी शाळेत पहिली कॅसेट ऐकली तेव्हा मी टेपरेकॉर्डरच्या मागे हात घालून पाहिला होता. एवढं सगळं मावतं कुठे, म्हणून. खरं सांगू, अजूनही हात जातो.

चौदावं तीनदा ऐकलं. एकदा कादंबरीसाठी आणि दोनदा तुझ्यासाठी. तुझ्या आवाजाला काहीतरी झालंय. बसलेला नाही, सर्दीचाही नाही, तो मला कळतो. आवाजाच्या तळाशी काहीतरी घासतंय. जात्यात खडा आला की पीठ पडतच राहतं, पण आवाज बदलतो, तसं. मी मागच्या कॅसेट परत मागवल्या. अकराव्या प्रकरणात ते नव्हतं. बाराव्यात एकदोन ठिकाणी आहे, चौदाव्यात पानोपानी.

घशाच्या डॉक्टरकडे जा.

कानसेन


५ मे

प्रिय कानसेन,

तुझं पत्र ह्यांना दाखवलं. म्हणाले, "मला तर काही फरक वाटत नाही." त्यांना बँड वाजला तरी फरक वाटत नाही, ते सोड. पण स्थानकावरही कुणी काही म्हणालेलं नाही. दिवसभर गाड्यांच्या आवाजावर ओरडायचं, घरी येऊन ह्यांच्याशी ओरडायचं आणि वर कादंबरी. घसा आहे, घासणारच. गुळण्या करते आहे.

तू उगीच काळजी करतेस. सोळावं सोबत आहे. आता दोनच प्रकरणं राहिली.

तुझी,
भोंगा


१९ मे

ताई,

सोळावं ऐकलं. पुरतं नाही, अर्धंच. आवंढा गिळताना तुला दुखतंय. दुःखाच्या ओळी नव्हत्या तिथेही तू थांबलीस.

तू डॉक्टरकडे गेल्याचं कळेपर्यंत मी पुढची कॅसेट ऐकणार नाही. विहिरीचं काय होतं ते मला कळलं नाही तरी चालेल. मी हट्टी आहे, वहिनीला विचार.

क.


२४ जून

प्रिय कानसेन,

गेले बाई एकदाची. तुझ्या हट्टापुढे हात टेकले. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं, मग मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे घशातला तुकडा काढून तपासला. एक गाठ आहे. पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. किरकोळ काम आहे, काही दिवस बोलायला बंदी, एवढंच. तुझ्या कानांना माझा दंडवत. ऐकणं बंद करू नकोस हं, सतरावं येईल.

वहिनी, इथून पुढचं मनातल्या मनात वाचा, तिला ऐकवू नका. गाठ वाईट आहे. सगळं स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज राहणार नाही, परत यायचाही नाही. उरलेल्या दिवसांत सतरावं प्रकरण वाचून होईल, शेवटचं होणार नाही. ते ग्रंथालय दुसऱ्या कुणाकडून वाचून घेईल. तिला आत्ताच सांगू नका. कादंबरी संपेपर्यंत तरी तिला माझा आवाज आहे असंच वाटू दे.

तुझी,
भोंगा


२ जुलै

ताई,

हे पत्र तुला दवाखान्यात मिळेल, आणि तोवर झालेलं असेल.

वहिनी 'सतरावं येईल' पर्यंत नीट वाचत होती. मग थांबली. कागद अजून हातात सरळ होता, घडी घातली नव्हती, आणि तिचा श्वास आत गेला तो बाहेर येईना. मी म्हटलं, "उरलेलं वाच." म्हणाली, "संपलं गं." मी म्हटलं, "वहिनी, मी काही दूधखुळी नाही." मग तिने वाचलं. रडत रडत वाचलं, पण शब्द एकही गाळला नाही.

ताई, दोन दिवस मी अंधारखोलीत उभी होते. फिल्म बुडवत होते आणि वाटत होतं, हे मीच केलं. मी गप्प बसले असते तर तुझा आवाज राहिला असता. जगात मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट मी स्वतःच्या कानाने शोधून, बोट दाखवून, कापायला लावली.

सतराव्याची कॅसेट काल आली. ऐकली. तुझा आवाज पार खरखरीत झालाय. तरी सासूचं बोलणं तू सासूसारखं वाचलंस आणि सुनेचं सुनेसारखं. मध्ये एका ठिकाणी तू पाणी प्यायलीस, मग पुन्हा सुरू केलंस. कुठून आणलंस हे बळ?

ग्रंथालयाने कळवलंय की शेवटचं प्रकरण दुसऱ्या बाई वाचतील. चांगल्या वाचतात म्हणे. मी नको म्हणून कळवलं. कादंबरी आहे तिथेच राहू दे. मला भोंगा नको, तू हवीस. बरी हो.

तुझी,
कानसेन

(हातानं लिहिलेलं, खाली:) ताई, मी वहिनी. मला क्षमा करा. हिच्यापासून काही लपवणं म्हणजे चाळणीत पाणी धरणं. तुम्ही लवकर बऱ्या व्हा. हिने जेवण सोडलंय, एवढं मात्र तिला न सांगता लिहिते आहे.


१६ ऑक्टोबर

माझ्या कानसेन,

आधी जेव. वहिनींनी चहाडी केली आहे.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण आधी अंगात त्राण नव्हतं आणि मग एका उद्योगात होते. तो शेवटी सांगते.

भूल देताना डॉक्टर म्हणाले, आकडे मोजा. मला माहीत होतं की तोंडून निघणारे हे शेवटचे शब्द. आकडे काय मोजायचे? मी म्हटलं, "बाजू संपली. कृपया कॅसेट उलटावी." डॉक्टरांना वाटलं भूल चढली.

आता गळ्याला एक भोक आहे, श्वास तिथून जातो. हसू येतं, त्याचा आवाज होत नाही. पाटी घेऊन फिरते. संसारात पहिल्यांदाच ह्यांना माझं सगळं बोलणं कळतं, कारण लिहून दाखवते. आता कळलं नाही असं म्हणायची सोय राहिली नाही, त्यामुळे ते जरा धास्तावलेत.

तू लिहिलंस की हे तुझ्यामुळे झालं. नीट ऐक. मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं, "वेळेवर आलात. आणखी दोनतीन महिने गेले असते तर आम्हाला काही करता आलं नसतं. कुणाच्या लक्षात आलं?" मी पाटीवर लिहिलं, 'लांबच्या मैत्रिणीच्या. कॅसेट ऐकून.' त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचली. मग बाहेर जाऊन आणखी दोन डॉक्टरांना बोलावून आणलं आणि म्हणाले, हे वाचा.

माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला कळलं नाही, मला स्वतःला कळलं नाही, आणि मला कधीही न भेटलेल्या बाईला कळलं. मी सकाळी उठते, खिडकी उघडते, खाली रस्त्यावर पाव घेऊन जाणारी सायकल दिसते, आणि रोज मनात येतं की हे मला तिने दिलंय. आवाज गेला त्याचं दुःख आहे. खोटं कशाला बोलू, खूप आहे. पण मी आहे. तुझ्या कानांमुळे आहे.

आता उद्योग. आमच्या गावात अंध मुलांची शाळा आहे. तिथे जाऊन मी तुमची ठिपक्यांची लिपी शिकले. खाचांची पाटी आणि टोचणी विकत घेतली, जाड कागद आणला. सोबतचा गठ्ठा म्हणजे शेवटचं प्रकरण. प्रत्येक अक्षर मी टोचलंय. बोटांना घट्टे पडलेत. दुसऱ्या बाईंचा आवाज तुला नको होता ना? मग हे घे. वाच आता तूच.

तुझी,
भोंगा


८ नोव्हेंबर

ताई गं,

गठ्ठा उघडला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि घाबरले. एक अक्षर लागेना. वाटलं, घशाबरोबर डॉक्टरांनी डोक्यालाही हात घातला की काय!

मग डोक्यात ट्यूब पेटली. ताई, टोचणीने टोचलं की ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. म्हणून आम्ही टोचताना उजवीकडून डावीकडे, उलटं टोचतो, म्हणजे कागद फिरवला की सुलट होतं. शाळेत तुला हे सांगितलं असणार आणि तू मान डोलावली असणार. पण घरी येऊन बसलीस ती शाईने लिहितेस तशी, डावीकडून उजवीकडे. अख्खं प्रकरण! आता माझ्या हातात आलंय ते सगळं उलटं. ओळ शेवटाकडून सुरू होते आणि एकेक अक्षर पालथं.

वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आरशात दिसतं तसं." आरसा, आरसा जन्मभर ऐकत आले. सगळे त्यात पाहतात, त्याच्यापुढे उभे राहतात. मला काही केल्या कळायचं नाही की त्यात असं होतं तरी काय. परवा तुझ्या पानावर बोट फिरवत होते आणि एकाएकी कळलं. तेच असतं, सगळं तेच, फक्त तुझ्याकडे तोंड करून उभं असतं. ताई, मला आरसा कळला! मी वहिनीला तिच्या आरशासमोर नेलं, त्याच्या गार काचेवर हात ठेवला आणि मी त्यात आहे हे मला माहीत होतं.

प्रकरण फेकून देऊन नवीन मागवणं सोपं होतं. नाही मागवलं. मी तसंच वाचायला शिकले, उजवीकडून, पालथं. पहिलं पान व्हायला एक रविवार गेला. मग वेग आला. कागदावर काही ठिपके खोल आहेत, काही हलके. तू कुठे दमलीस ते मला कळतं. आणि एका ओळीच्या आधी मोकळी जागा आहे. तिथे तू आवंढा गिळलास ना?

मग विचार आला की कादंबरी आता पुरी झाली, पण एकटी माझीच. त्या दुसऱ्या बाईंचं वाचायचं राहूनच गेलं, ग्रंथालयात ती सतराव्यालाच थांबलेली आहे. कुणीतरी तिथे बसून वाट पाहत असेल, मी पाण्याची पाहिली तशी. म्हणून दुपारी भाऊ कामावर गेला की वहिनीच्या गोधड्या टांगल्या, तुझी पानं मांडीवर घेतली आणि वाचलं. मोठ्याने. टेपमध्ये. जन्मात पहिल्यांदा.

एक प्रत ग्रंथालयाला गेली. ती नियमात बसेल अशी आहे. दुसरी तुझी, सोबत पाठवते. तिच्यात थोडं जास्त आहे. शेवटपर्यंत ऐक, बटण दाबायची घाई करू नकोस.

तुझी,
कानसेन


२१ नोव्हेंबर

माझ्या कानसेन,

काल दुपारी कॅसेट आली. हे बाहेर गेले होते. मी सवयीने गोधड्या टांगल्या, आत खुर्ची घेतली, मग उठून त्या परत काढून टाकल्या. लपायचं कशाला? टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवला, आवाज मोठा केला आणि खाली सतरंजीवर बसले, आईच्या स्वयंपाकघरात बसायची तशी. फक्त या वेळी वाचणारी दुसरी होती.

आधी खोलीत कुणी नव्हतं. मग तू आलीस.

मी कल्पना केली होती त्यापेक्षा तुझा आवाज जाड आहे, आणि किती तरुण! कागदावरून तुझी बोटं फिरतात त्याची सरसर ऐकू येते, शब्दाच्या जरा आधी. वहिनींच्या हातात बांगड्या आहेत. तुमच्याकडे कुठेतरी दार वाऱ्याने आपटतं आणि ते कुणीच लावत नाही. बघ, मलाही जमायला लागलं.

गोष्ट मला पाठ होती. एकेक अक्षर मी स्वतः टोचलेलं. तरी सासू दोराला धरून विहिरीत उतरायला निघाली तेव्हा मी सतरंजीची कड घट्ट धरली, जणू पुढे काय होणार ते मला माहीतच नव्हतं. आत झरा अडलाय, तो मोकळा करायला ती म्हातारी उतरते, आणि वर सून दोर धरून उभी. काळोखात खालचं काही दिसत नाही. तू आवंढा गिळलास. मला एक ओळ आधी कळलं. मग ती शेवटची ओळ: 'तिने वरून दोर हलकेच ओढला, आणि खालून कुणीतरी ओढून उत्तर दिलं.'

मी सतरंजीवर बसून रडत होते. मला वाचून दाखवलं गं कुणीतरी. या वयात, पहिल्यांदा. एवढं सुख असतं त्यात, आणि मी ते जन्मभर दुसऱ्यांना वाटत होते तरी मला पत्ता नव्हता!

तू म्हणालीस, "बाजू संपली." तू सांगितलं होतंस म्हणून बटण दाबलं नाही. टेप नुसतीच फिरत राहिली. आणि मग, देवा, तू बेंबीच्या देठापासून ओरडलीस: "पाणी आलं! अगं बाई, पाणी आलं!"

मी हसले. आवाज नाही झाला, पण सगळी हलले. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं. वरच्या मावशी, दोन्ही हातांत बादल्या, पदर खोचलेला, दारातूनच ओरडत, "आलं? आणि मला कसं नाही कळलं?" थेट आमच्या मोरीत घुसल्या आणि नळ सोडला. नळाने एक सुस्कारा टाकला, बस. थेंब नाही. मावशी कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभ्या. "कोण ओरडलं मग?"

मी टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं. कॅसेट मागे नेली आणि पुन्हा सुरुवातीपासून लावली. मावशींनी एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. उठतील म्हटलं, पण उठल्या नाहीत. सासू विहिरीत उतरायला लागली तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

पाणी खरंच आलं तेव्हा आम्हा दोघींनाही कळलं नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी सगळं भरून घेतलं.

ऐकून झाल्यावर डोळे पुसत मावशी म्हणाल्या, "काय गं, हा आवाज कुणाचा?"

मी पाटी घेतली आणि लिहिलं, 'माझा.'

तुझी,
भोंगा